दुष्काळातली शिडाची होडी

७ मार्च १९८३, उदगीर

मोंढ्यात बसून माशा मारायच्या म्हटलं तर आता माशाही येत नाहीत. त्यांनाही धान्य लागतं. आमचे हमाल वजनकाट्यावर एकमेकांना तोलून खिदळून राहिलेत. म्हणून बियाणेवाल्यांनी फुकट दिलेली ही डायरी उघडली.

काल नांदेडला लग्नाला गेलो होतो. जेवण जड झालं म्हणून मागच्या गल्लीत चक्कर मारली, तर एका घराच्या अंगणात लिंबाखाली होडी. साधी नाही, शिडाची. दोन-तीन माणसं बसतील एवढी. डोलकाठी काढून आडवी बांधलेली. वर पाटी : ‘विकणे आहे’.

मी आडत्या माणूस. जन्मभर एकच गोष्ट शिकलो, की जो माल कुणालाच नको असतो तो तेव्हाच घ्यावा. आणि या साली मराठवाड्यात होडीएवढी नकोशी दुसरी वस्तू दाखवा! शिवाय मागच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. जिल्हा झाला की साहेब येतात, साहेबांमागून त्यांच्या बायका येतात, आणि त्यांना रविवारी कुठेतरी फिरवून आणावं लागतं. लातुरात दाखवणार काय? जिल्ह्याची पाटी? पाऊस कधीतरी पडेल, आपलं गावाबाहेरचं तळं भरेल, तेव्हा दोन तालुक्यांत मिळून शिडाची होडी एकट्या या रेवणप्पाची.

अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणजे माझी आई, पार्वतम्मा. दात गेलेत, जीभ आहे.

“घागरभर पाणी न्हाई घरात, आन् ह्यो होडी घ्यायलाय! अय्यो शिवा!”

“अव्वा, तुला धंद्यातलं कळत न्हाई.”

“तुझा बाप बी हेच म्हणला आन् उंट घेऊन आला.”

आमच्या घरात उंटाचा विषय निघाला की बोलणं संपतं.

१४ मार्च

नांदेडला जाऊन माल बघितला. सोबत परखी नेली होती, पोत्यात खुपसून नमुना काढायची आपली लोखंडी नळी. पस्तीस वर्षं तुरीची ओल या नळीवर ओळखली, लाकडाची ओळखू शकणार नाही होय?

होडी महादेवीबाईंची. त्यांचे मालक पाटबंधाऱ्याचे इंजिनियर होते, ते वारले. हैदराबादच्या कुठल्याशा क्लबाने काढून टाकलेली ही होडी त्यांनी आणून धरणाच्या पाण्यात चालवली म्हणे. आता विकायची घाई झालीय ती बाईंच्या दिराला, वीरण्णाला. त्याला अंगणात भाड्याच्या खोल्या काढायच्यात. हा वीरण्णा मला दारातच भेटला.

“बघायचं काय त्यात, शेटजी? कालच रंग दिला. नवी नवरी हाय.”

मी मनात म्हटलं, डाळीला तेलाची चकाकी दिली की खाली भुंगा असतो. होडी निळीभोर होती आणि रंग अजून बोटाला लागत होता. मी तिच्याभोवती फिरलो. बोटाच्या सांध्याने फळ्या वाजवल्या. कुठे टणटण, कुठे भदभद. वास घेतला. मग ओल तपासायला, आपली सवय, एका फळीची ढलपी काढून दाताखाली धरली. तूर कोरडी असली की कटकन वाजते. ही वाजली नाही, रंग मात्र तोंडभर झाला.

तेवढ्यात बाई चहा घेऊन बाहेर आल्या. मी नमस्कार करताना हसलो. त्यांनी माझे निळे दात बघितले आणि कप हिंदकळला. बाई पन्नाशीच्या आतबाहेर, उभ्या अंगाच्या, नाकात चमकी. हे डायरीत का लिहिलं माहीत नाही. मालाच्या वर्णनात मालकाचंही येतं.

मागच्या बाजूच्या आडव्या फळीला परखी लावली. टोचायची गरजच पडली नाही, भुशात जावी तशी आत गेली. वीरण्णा वर बघायला लागला, लिंबावर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा.

बाई म्हणाल्या, “तिथं सडलंय. मी भावजींना सांगितलं होतं, रंगानं झाकू नका म्हणून.”

“वहिनी!” वीरण्णा म्हणाला.

“आणि खालच्या फळ्यांच्या फटीसुद्धा बघा, शेटजी. उजेड दिसतो.”

विकणाराच मालाची खोट दाखवतो, हे मी मोंढ्यात आजवर बघितलं नाही. यात नक्की काहीतरी डाव आहे. पुन्हा जाऊन नीट बघावं लागेल.

एस. टी.त सगळे माझ्या ओठांकडे बघून राहिले होते.

२२ मार्च

केसांना कलप लावला. नांदेडचं ऊन वाईट आहे. अव्वा म्हणाली, “होडीला रंग, ह्याला बी रंग.”

२८ मार्च

दुसरी तपासणी. अख्खी दुपार लागली.

बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. होडीच्या मागच्या बाजूला तळात एक बूच असतं. होडी बाहेर काढली की ते उपटून ठेवायचं, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी निघून जातं. साहेब वारले त्या साली बाई भावाकडे होत्या. बूच तसंच राहिलं, पाणी साचलं, ती फळी कुजली. म्हणजे पाण्याने खराब झालेली जागा ती एकच. बाकीच्या फटी पाण्याने नाहीत, पाणी नसल्याने पडल्यात. उन्हात पडून लाकूड आकसलं.

“पाण्यात राहिली असती तर चांगली राहिली असती,” बाई म्हणाल्या. बोलताना त्या सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून बसल्या होत्या, जसा आपण घरच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो.

“साहेब पट्टीचे होडीवाले असतील,” मी म्हटलं.

त्या हसल्या आणि चहा ठेवायला गेल्या. शोक असणार. मी पुढे विचारलं नाही.

सुताराला बोलावून कुजलेली फळी बदलून घ्यायचं ठरलं. मी बिनकामाचा तिथे बसून राहिलो, शेवटची बस चुकली. नांदेडातच दिलेल्या बहिणीच्या घरी मुक्काम. गुणाबाई, माझी बायको, गेल्यापासून इतकं बोलणं एका दिवसात झालं नव्हतं. घसा बसला.

६ एप्रिल, लातूर

तळ्यात होडी घालायला परवानगी लागेल का, ते विचारायला एका नव्या कचेरीत गेलो. कचेरी इतकी नवी की टेबलं कागदातून निघाली नव्हती. जिल्हा इकडे आला खरा, पण कागद अजून उस्मानाबादेतच असतात, असं शिपाई म्हणाला.

कारकुनाला सांगितलं, “नावेसाठी परवानगी पाहिजे.”

“कुणाच्या नावे?”

“माझ्या.”

“ते झालं. पण कशासाठी?”

“नावेसाठी.”

“नाव बदलायचंय?”

“नाव पाण्यात सोडायचीय.”

त्याने पेन खाली ठेवलं. “काका, पाणी कुठाय?”

तळं म्हटलं. त्याने तळ्यात पाणी आहे का, असं शेजारच्याला विचारलं. शेजारचा म्हणाला, असलं तर टँकरवाल्यांना सांगा. मग दोघेही हसले, मीही हसलो, आणि परवानगीचा विषय तिथेच संपला. कुणी नाही म्हणालं नाही. आपल्याकडे याला परवानगीच म्हणतात.

१५ एप्रिल, नांदेड

आज जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण उद्या गल्लीत वेगळंच सांगतील.

फळी बदलून झाली. आता होडी गळते का, हे कळणार कसं? बाई म्हणाल्या, होडी पाण्यात सोडायची, नाहीतर पाणी होडीत सोडायचं. गोदावरीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. मग शेषेरावला गाठलं. हे माझं जुनं गिऱ्हाईक, नदीकाठच्या मळ्यात विहीर आहे. त्याने ट्रॅक्टरवर टाकी पाठवली.

ट्रॅक्टर गल्लीत शिरला आणि घराघरातून बायका घागरी घेऊन धावल्या. त्यांना वाटलं, आली नगरपालिकेची टाकी. मी टाकीची नळी होडीत सोडली, तशी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं नाव उमाबाई, साऱ्या गल्लीची पुढारी.

“आमच्या नळाला आठ-आठ दिवस थेंब न्हाई, आन् तू लाकडाला पाणी पाजतूस? कुठला रे तू?”

“उदगीरचा.”

“तरीच.”

पंधरा-वीस बायका, सगळ्या भडकलेल्या, आणि पाणी होडीतून धारांनी खाली चाललेलं. फटीफटीतून. माझी तपासणी झाली होती, माझी धुलाई व्हायची बाकी होती.

महादेवीबाई पदर खोचून पुढे आल्या. “उमामावशी, एक थेंब वाया जाणार नाही. जिथं गळतंय तिथं घागर लावा.”

मग उमाबाईने सगळ्यात जाड धारेखाली आपली घागर सरकवली आणि अख्खी गल्ली होडीखाली शिरली. घागरी, कळशा, पातेली, एकीने तर पाळण्यातलं लेकरू काखेत घेऊन त्याचं टोपलं आणलं, पण टोपल्यात काय राहणार!

“ही गळती माझी हाय!”

“माझ्या घागरीची धार तुझ्याकडं वळवलीस का गं, भवाने?”

“शेटजी, हिकडची फट जरा मोठी करा की!”

मी परखीने फट मोठी करणार होतो, बाईंनी हातावर चापट मारली. अगदी बेधडक. नंतर त्या लाजल्या. मी म्हटलं, हरकत नाही. खरंच हरकत नव्हती.

वीरण्णा गच्चीवरून ओरडत होता, “तमाशा लावलाय माझ्या दारात!” उमाबाई म्हणाली, “बाबा, तू बी तांब्या घेऊन ये.”

संध्याकाळपर्यंत गल्लीतली एकूण एक घागर भरली. शेषेराव उद्याही टाकी पाठवणार. बाई म्हणाल्या, लाकूड पाणी प्यायलं की फुगेल आणि फटी आपोआप मिटतील. मला काही खरं वाटेना.

१८ एप्रिल, नांदेड

मिटल्या! काल धारा बारीक झाल्या, आज नुसते थेंब. होडी काठोकाठ भरून उभी. बायका मात्र रागावल्या.

“चांगली गळत हुती, बिघडवून ठेवली,” असं उमाबाई म्हणाली. तिची समजूत काढायला होडीतलं पाणीच वाटून टाकलं.

मी खुशीत होतो, आणि तेव्हाच वीरण्णा एका माणसाला घेऊन आला. हायवेवर याचा ढाबा आहे. होडी ढाब्यापुढे उभी करायची, मातीने भरायची, त्यात शेवंती लावायची आणि डोलकाठीवर ट्यूबलाइट बसवायची, असा त्याचा बेत.

“पाण्याचं टेन्शनच न्हाई,” तो म्हणाला. “गळती असली तरी चालतंय. उलट माती निचरते.” त्याने खिळा आणला होता. तळाला कुठे भोकं पाडता येतील ते त्याने टोकून दाखवलं.

महादेवीबाई आत गेल्या. त्यांनी दार लावलं तेही अगदी हळू.

मला राग आला. का ते कळलं नाही. व्यापारात राग येत नसतो, येऊन उपयोगही नसतो. पण मी ढाबेवाल्याच्या हातातला खिळा काढून घेतला आणि वीरण्णाला म्हणालो, “होडी माझी झाली. बोल, काय घेणार?” त्याने जो आकडा सांगितला त्याला मी हो म्हणालो. पहिल्याच आकड्याला! माझे वडील असते तर आपला उंट विसरून माझ्यावर धावले असते.

बाईंना बंद दाराबाहेरून सांगितलं, “होडी तळ्यात जाईल. शब्द देतो.”

आतून आवाज आला, “तळ्यात पाणी किती आहे?”

“आहे थोडं,” मी म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

२ मे

मोंढ्याचा माल वाहणाऱ्या लिंबाजीचा ट्रक घेऊन नांदेडला गेलो. होडी ओल्या गोणपाटात गुंडाळून वर चढवली, पुन्हा वाळू नये म्हणून. सगळी गल्ली निरोपाला. उमाबाई डोळे पुसून राहिली होती, होडीसाठी की पाण्यासाठी ते सांगता येत नाही.

ट्रक सुरू केला तर महादेवीबाई पिशवी घेऊन आल्या आणि केबिनमध्ये चढून बसल्या.

वीरण्णा धावला. “वहिनी, कुठं निघालात? लोक काय म्हणतील?”

“होडी पोचवून येते. यांच्यात शीड धरायला येतं कुणाला?”

लिंबाजीने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. ट्रक निघाला.

कंधार मागे पडल्यावर बाई बोलायला लागल्या. “शेटजी, तुम्हाला वाटतं होडी साहेब चालवायचे. साहेबांना पाण्याचं भेव होतं. धरणं बांधली, ती काठावर उभं राहून.”

“मग?”

“मी चालवायचे. पहाटे, मजूर कामावर यायच्या आधी. साहेब काठावर छत्री घेऊन उभे. मी लांब गेले की छत्री हलवायचे. भावजींना कुठून तरी कळलं. इंजिनियरची बायको लुगड्याचा कासोटा मारून वाऱ्यावर फिरते, म्हणून घरात मोठा गोंधळ झाला. साहेब म्हणाले, मीच चालवतो असं सांगू सगळ्यांना.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “चांगला माणूस होता. बूच मात्र त्याच्या कधी लक्षात राहिलं नसतं.”

लिंबाजीला रस्ता दिसेना, इतका तो ऐकून राहिला होता. दोनदा खड्ड्यात गेलो.

घरी आल्यावर अव्वाने बाईंना खालून वर बघितलं आणि विचारलं, “पोहता येतं?”

“हाव.”

“ह्याला येत न्हाई,” अव्वा म्हणाली. “ध्यान ठेव.”

३ मे

तळ्यावर निम्मं उदगीर आलं होतं. दुष्काळात करमणुकीचाही दुष्काळ. पाणी म्हणाल तर मध्यभागी, दोन-तीन खळ्यांएवढं, बाकी भेगाळलेला गाळ आणि त्यावर म्हशी. हमालांनी होडी खांद्यावरून नेली. कुणीतरी ओरडलं, “रेवणप्पा, नांगर टाकू नगा, तळ्याचं बूच निघंल!”

बाईंनी डोलकाठी उभी केली, दोऱ्या ओवल्या. मी आत बसलो. थेंबभर पाणी आत आलं नाही. वाऱ्याने शीड धरलं आणि जमीन मागे सरकली. छातीत काहीतरी झालं. भीतीच असावी, पण भीतीत माणूस हसत नाही, आणि मी हसून राहिलो होतो.

बाई वेगळ्याच दिसत होत्या. पदर कमरेला, डोळे वर, एका हातात दोरी, एका हातात सुकाणू. “अहो, डोकं!” त्या ओरडल्या. शिडाची आडवी काठी सपकन या बाजूची त्या बाजूला गेली. मी वाकलो म्हणून वाचलो, टोपी गेली. इतके दिवस त्या मला शेटजी म्हणायच्या. शेटजी म्हणायला वेळ नसेल.

तळं फार लवकर संपलं. दुसऱ्या टोकाला वळायच्या आत होडी गाळात रुतली, दोरी निसटली आणि शीड सबंध आमच्या अंगावर येऊन पडलं. काठावर हशा. हमाल म्हशींतून वाट काढून येईपर्यंत आम्ही दोघे त्या पांढऱ्या कापडाखाली.

आमच्या मोंढ्यात पूर्वी भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची. जेवढी बोटं तेवढा भाव. रुमालाबाहेर तोंड कोरं ठेवायचं. मी असे खूप सौदे केलेत. शिडाखाली माझा हात कसा गेला ते मला सांगता येणार नाही, सवयीने गेला असेल. बाईंनी तो धरला. एक बोट नाही, दोन बोटं नाहीत, सगळा हात. आणि सोडेनात.

हा कुठला भाव ते मला उमगेना. विचारलं, “बाई, हे किती झालं?”

त्या म्हणाल्या, “घासाघीस करू नका.”

मग हमाल आले.

४ मे

सकाळी अव्वाला विचारलं, की असा असा सौदा झाला, कुणाचा कुणाशी ते न सांगता. तिने दळण बाजूला ठेवलं आणि कपाळावर हात मारला. “एवढी वरसं आडत केलास आन् हे बी कळंना? आपल्यात बाईचं दुसरं लगीन होतंय रे, येड्या. जा, बोल तिच्याशी.”

बाई मागच्या परसात, हमालांनी आणून टाकलेल्या होडीच्या तळाचा गाळ खरवडून राहिल्या होत्या. त्यांनी बूच काढून ठेवलं होतं. मी उभा राहिलो. पाऊसपाण्याविषयी बोललो. मोंढ्याविषयी बोललो. मग म्हणालो, “तुम्ही परत जाऊ नका.”

त्यांनी हात थांबवला नाही. “आणि भावजींना काय कळवायचं?”

“ते मला सुचून राहिलं न्हाई.”

“कळवा, की मालात एक खोट निघाली. माझ्याशिवाय चालत नाही.”

मी काही बोलायच्या आत अव्वा स्वयंपाकघरातून ओरडली, “आन् खोटीचा माल आम्ही परत करत न्हाई म्हणावं!”